भाचा फक्त शेवटच्या इनिंगला बॉल टाकतो, याला काही भवितव्य आहे का?

रावेरचा मामा:
नमस्कार मंडळी. माझा भाचा जळगावला कॉलेजात आहे, आधी क्रिकेट खेळायचा, हात जोरदार म्हणून सरांनी बेसबॉलच्या टीममध्ये घेतला. आता सर त्याला सुरुवातीला उतरवतच नाहीत, सगळी मॅच बाहेर बसवतात आणि शेवटच्या इनिंगला, तेही आपण दोन-तीन रननी पुढे असलो तर, बॉल टाकायला पाठवतात. रिलीफ पिचर म्हणे. ताई-दाजींचं म्हणणं, सगळा दिवस घालवून पंधरा मिनिटं खेळतो, त्यापेक्षा सुट्टीत केळीच्या बागेत ये. त्यात परवा त्याच्या हातून जिंकत आलेली मॅच गेली, तेव्हापासून पोरगा धड जेवत नाही, फोन उचलत नाही. खरं सांगा, ह्या जागेवर खेळून कोणी मोठं झालंय का, की सरांनी त्याला बाजूला टाकलंय?

भुसावळ जंक्शन:
भाऊ, बाजूला टाकलं असतं तर जिंकत आलेली मॅच त्याच्या हातात दिली असती का? क्रिकेटमध्ये बॉलर स्पेल टाकून फील्डिंगला जातो आणि परत येतो, मोठ्या बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही, म्हणून पहिल्याचा हात थकला की ताजा माणूस लागतोच. मी रेल्वेत होतो, भुसावळला ड्रायव्हर बदलतो, ताबा घ्यायला येणाऱ्याला आम्ही रिलीफच म्हणायचो, आणि तो हलक्या दर्जाचा असतो असं इथे कोणी म्हणणार नाही.

मारियानो रिवेराबद्दल वाचायला सांगा त्याला. पनामातल्या पोर्तो काइमितो ह्या कोळ्यांच्या गावातला, वडील मासेमारीच्या बोटीवर, लहानपणी दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह करून खेळला. १९९५ ला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज टीमकडून पहिल्यांदा उतरला तो सुरुवातीचा पिचर म्हणून, तिथे जमलं नाही, मग शेवटाकडे नेला आणि १९९७ पासून क्लोजर, म्हणजे पुढे असलेली मॅच शेवटी संपवणारा पिचर. त्याच वर्षी सोबत्याशी साधी फेकाफेकी करताना त्याचा बॉल आपोआप शेवटच्या क्षणी वळायला लागला, तो कटर, आणि पुढे जवळपास त्या एकाच बॉलवर त्याने बॅटी मोडल्या. ६५२ सेव्ह, म्हणजे थोड्या रनची आघाडी शेवटपर्यंत राखून दिलेल्या मॅच, आजही रेकॉर्ड. २०१९ ला हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वात मोठ्या सन्मानासाठी, ४२५ पैकी ४२५ मतं, एकमताने निवडून आलेला पहिला खेळाडू, आणि तो रिलीफ पिचर.

आता परवाच्या मॅचचं. २००१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगची फायनल, तिची सातवी, निर्णायक मॅच, शेवटची इनिंग, यांकीज एका रनने पुढे, बॉल रिवेराच्या हातात, आणि तो हरला, अख्खी सिरीज गेली. जिंकले असते तर मिरवणूक होणार होती आणि त्याचा सोबती एनरिके विल्सन त्यासाठी थांबून १२ नोव्हेंबरच्या विमानाने घरी जाणार होता, हरल्यामुळे तो आधीच निघून गेला, आणि ते विमान न्यूयॉर्कमध्येच पडलं, आतलं कोणी वाचलं नाही. आपण हरलो म्हणून मित्र जिवंत राहिला ह्याचा आनंद आहे, असं रिवेरा बोलला होता. भाच्याला हे आवर्जून सांगा.

चाळीसगावकर:
मी युनिव्हर्सिटीला पिचर होतो, हाताबद्दल बोलतो, कारण हे कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या पिचरला मोठ्या लीगमध्ये चार-पाच दिवस आराम मिळतो, रिलीफवाला लागोपाठच्या दिवशीही उतरतो. शिवाय बाहेर गरम व्हायला तीस-चाळीस बॉल टाकायचे आणि सरांनी बोलावलंच नाही तर ते कुणाच्या हिशोबात येत नाहीत, पण कोपराच्या हिशोबात येतात. मी मोजले नाहीत, एकविसाव्या वर्षी माझा कोपर गेला, आजही पाण्याची बादली डाव्या हाताने उचलतो. त्याला वही करायला सांगा भाऊ, बाहेरचे बॉल धरून. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी बंद, सर काही म्हणोत.

धुळ्याची ताई:
पैशाचं पण खरं बोलू या. २००८ च्या पिचर शोधायच्या टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघं भालाफेकवाले, बेसबॉल कधी खेळले नव्हते, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमने दोघांना करार दिला. रिंकू खालच्या लीगमध्ये काही वर्षं टिकला, तेही बहुतेक रिलीफ म्हणूनच, मग कोपराने दगा दिला, वरच्या लीगपर्यंत कोणीच पोचलं नाही. आपल्याकडे बेसबॉलवर घर चालेल असं मी म्हणणार नाही, डिग्री पूर्ण करू द्या. पण बागेसाठी खेळ सोडायला लावू नका, केळी कुठे पळून जात नाहीत, पोर्‍याले खेयू द्या.

रावेरचा मामा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जळगावला जाऊन आलो, विमानाची गोष्ट सांगितली, बराच वेळ गप्प होता, मग शेवभाजी मागवली आणि दोन भाकरी खाल्ल्या. कोपराचं विचारलं तर म्हणतो पंधरा दिवसांपासून आतून दुखून राहिलंय, सरांना सांगितलेलं नाही. उद्या मीच सरांना भेटतोय. चाळीसगावकर दादा, डॉक्टर हाडांचा बघायचा की आधी फिजिओ?