गाणं-वाजवणं शिकून गणित सुधारतं का, संशोधकांना एवढंच का पडलंय?

मुठाकाठचा
सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, 'वाद्य शिकणाऱ्या मुलांना गणितात जास्त मार्क, संशोधनाने सिद्ध', आणि खाली कीबोर्ड क्लासचा नंबर. म्हणून हा धागा.

तरुण पोरं आणि संगीत यावर जगभर रिसर्च होतो, पण पेपरात छापून येतं ते एकच, की संगीताने पोरांचं *बाकी* काय सुधारलं. आयक्यू, मार्क, वागणूक. याचं मूळ म्हणजे १९९३ चा 'नेचर'मधला तो छोटासा पेपर. कॉलेजच्या ३६ पोरांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, कागदाच्या घड्या-आकृत्या टाइपच्या प्रश्नांत स्कोअर वाढला, तोही दहा-पंधरा मिनिटं टिकला. एवढ्यावर १९९८ साली जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर नवजात बाळांना सीडी वाटायला १ लाख ५ हजार डॉलर मागत होते! त्या प्रयोगात एकतरी बाळ होतं का?

माझं म्हणणं, पोरं खरोखर जिथे वाजवतात तिथे जा ना. गणपतीच्या आधी दोन महिने पुण्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांच्या सरावाला या, दिवसभर ऑफिस करून आलेली, आयुष्यात सा न लावलेली पोरं काही आठवड्यांत ताशाच्या इशाऱ्यावर ठेका बदलायला शिकतात. नोटेशन नाही, परीक्षा नाही. आणि याच पोराला सर्व्हेत विचारलं 'संगीत शिकतोस का' तर तो बिनदिक्कत 'नाही'वर टिक करणार.

क्लासवाली_डोंबिवली
असहमत. मी गायन-हार्मोनियमचे क्लास घेते. पालक पहिल्या दिवशी विचारतात, मॅडम दहावीला वाढीव मार्क मिळतात ना? मिळतात बाबा, गांधर्वच्या परीक्षा दिल्या की. मग त्या मार्कांसाठी का होईना पोरगं आलं, भूप गायला लागलं, तर तुमचं काय गेलं? संगीतासाठी संगीत हे बोलायला बरं आहे, फी भरणाऱ्या आईला काहीतरी कारण लागतं, नवऱ्याला सांगायला तरी.

आकडेमोड
धागाकर्ते सगळ्याच रिसर्चला मोझार्टच्या टोपलीत टाकतायत. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या १ लाख १२ हजारांवर विद्यार्थ्यांचा डेटा घेऊन अभ्यास झालाय. हायस्कूलला संगीत घेतलेल्यांचे गणित, सायन्स, इंग्लिश तिन्हीत मार्क चांगले, आणि गाण्यापेक्षा वाद्यवाल्यांचा फरक जास्त. घरची परिस्थिती, सातवीचे मार्क हे सगळं हिशोबात धरून. एवढ्या मोठ्या डेटाला फॉरवर्ड म्हणून उडवता येणार नाही.

शंकेखोर
@आकडेमोड मोठा डेटा म्हणजे बरोबर उत्तर असं कुठे आहे? जो पोरगा चार-चार वर्षं बँडमध्ये टिकून रोज रियाज करतो तो मुळातच चिकाटीचा असणार, सातवीच्या मार्कांत ते सगळं कुठून दिसणार. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तरच कळतं. टोरोंटोत शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये तेच केलं, सहा वर्षांची १४४ मुलं, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. आयक्यू सगळ्यांचाच वाढला (शाळेत जायला लागलं की वाढतोच), संगीतवाल्यांचा सात पॉइंट, बाकीच्यांचा साधारण सव्वाचार. झाला फरक पावणेतीनचा. आणि लोकांशी वागण्यात सुधारणा कुणात दिसली? नाटकवाल्यांत! पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास, जवळजवळ सात हजार मुलं एकत्र करून पाहिली. तुलनेच्या गटालाही दुसरं काहीतरी शिकवलेलं असेल तर संगीताचा फायदा जवळपास शून्यावर येतो.

क्लासवाल्या ताई, सॉरी. पण आईला नाटकाच्या शिबिराचाही पर्याय सांगा.

क्लासवाली_डोंबिवली
सांगते हो. तुम्हीच येऊन घ्या शिबिर.

लंडनकर_सध्या
मुठाकाठचा, तुमचा राग कळतो पण 'पोरं वाजवतात तिथे कुणी जात नाही' हे पटत नाही. रूथ फिनेगन बाईंनी १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या एका साध्या शहरातले हौशी बँड, चर्चचे गायक, ब्रास बँड सगळे पालथे घातले. आणि लूसी ग्रीन यांनी रॉक-पॉप वाजवणारे १४ जण गाठले, वय १५ ते ५०, आणि विचारलं की तुम्ही नेमकं शिकलात कसं. तर बहुतेक जण रेकॉर्ड लावून ऐकायचं, नक्कल करायची, मित्रांबरोबर घासायचं, असंच. त्यावरून पुढे इंग्लंडच्या शाळांत उपक्रमही झाला, पोरांनी आवडीचं गाणं आणायचं, दोस्तांचा ग्रुप करायचा आणि कानाने बसवायचं, शिक्षक आधी नुसता बाजूला उभा. तुमचं पथक हेच तर करतंय. फक्त तिथे ते शाळेत शिरलं, आपल्याकडे शाळेतला संगीताचा तास गणिताच्या सरांनी नेला.

कान_किटलेला
नदीकाठी राहतो. माफ करा, पण दोन महिने रोज संध्याकाळी तेच ते धडाड धूम याला संगीत म्हणायचं असेल तर म्हणा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, कुणाला सांगणार. रिसर्चच करायचा तर या पोरांच्या कानांचा करा, चाळिशीत काय ऐकू येतंय ते बघा.

मुठाकाठचा
कानांचा मुद्दा १००% मान्य, आमच्यात अर्धी पोरं कापूस सुद्धा घालत नाहीत. पण आवाज जास्त म्हणून ते संगीत नाही, हे कुठलं लॉजिक?

@लंडनकर बरं, अभ्यास झालेत. पण फॉरवर्ड त्यांचे येत नाहीत, पालकांपर्यंत पोचतं ते आयक्यूच.

टिपरूवाली
मी पथकात वाजवते, म्हणून थोडं बोलते. दादा, पथकाचं जरा जास्तच गोड चित्र काढलंत. परीक्षा नाही म्हणता, मिरवणुकीच्या आधी ट्रायल असते ती काय असते मग? आमच्याकडे ढोलावर मुली भरपूर, ताशाला हातावर मोजण्याइतक्या. सराव संपायला रात्र होते, घरून परवानगी काढता काढता निम्म्या मैत्रिणी गळाल्या. ज्याचं दुकान रात्री दहाला बंद होतं तो पोरगा तर येतच नाही. तुम्ही आलेल्यांना बघून म्हणताय की बघा सगळे येतात.

बाहेरही हेच झालंय. व्हेनेझुएलात १९७५ ला आब्रेऊ यांनी सुरू केलेली 'एल सिस्टेमा', गरीब पोरांसाठी ऑर्केस्ट्रा म्हणून जगभर गाजली. तिचा मोठा अभ्यास झाला, १६ केंद्रं, २,९१४ मुलं, अर्ध्यांना लगेच प्रवेश आणि अर्ध्यांना वर्षभराने. आत्मसंयम थोडा वाढला, बुद्धीच्या चाचण्यांत एकूण मुलांत फरक नाही. पण मला त्यातला दुसराच आकडा लक्षात राहिला, ही केंद्रं ज्या राज्यांत होती तिथे गरिबी ४६.५ टक्के आणि आत आलेल्या मुलांत १६.७. म्हणजे ज्यांच्यासाठी काढलं तीच दाराबाहेर. तसा अभ्यास पथकांचा झाला तर मी स्वतः फॉर्म वाटेन.

शंकेखोर
टिपरूवाली, हे आवडलं. मग इथेही तसंच करा, नाव नोंदवलेल्यांच्या चिठ्ठ्या टाका, अर्धे यंदा, अर्धे पुढच्या वर्षी.

मुठाकाठचा
अहो, ज्याला यंदा नाही म्हणाल तो संध्याकाळपर्यंत शेजारच्या पथकात ढोल आवळत बसलेला असेल. कसला तुलनेचा गट धरताय.

टिपरूवाली
आणि चिठ्ठीत ताशाप्रमुखाचा भाचा निघाला नाही तर चिठ्ठ्या परत टाकतील, ते वेगळंच 😄