लहान होड्या नांगरण्यासाठी जागा आखताना अंतर किती ठेवावे?

प्रश्न: ६ मीटर लांबीच्या होड्यांसाठी प्रत्येकी किती मोकळे पाणी धरावे?

उत्तर १: खोली नेहमी भरतीची धरा आणि तीत नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मिळवा. ही बेरीज ५ मीटर झाली, तर पाचपट म्हणजे २५ मीटर दोर सोडावा लागतो, आणि वारा फिरला की होडी त्याच्या टोकाशी वर्तुळात फिरते, म्हणून दोर आणि होडीची लांबी मिळून सुमारे ३१ मीटर त्रिज्या मोकळी हवी.

उत्तर २: जोराच्या वाऱ्यात सातपट दोर लागतो, तेव्हा हिशेब त्यानेच करा. समुद्री गवतावर मात्र कृपया नांगर टाकू नका. घासणारी साखळी ते मुळासकट उपटते.

उत्तर ३: जागा अपुरी असल्यास कायमचे बोये (तळाशी साखळीने जखडलेले, होडी बांधायचे तरंगे) बसवावेत. त्यांच्या साखळ्या दरवर्षी तपासाव्यात. तळाशी घासणारी एक कडी मी निम्मी झिजलेली पाहिली आहे.