पहिलंच एम्ब्रॉयडरी मशीन 15 सुयांचं घ्यावं की एका सुईचं?

काठपदर (सोलापूर)
भाची एम्ब्रॉयडरीचा धंदा सुरू करतेय. शिवणात हात बसलेला आहे, जागा घरचीच, मुद्रा कर्ज धरून पाच लाखांपर्यंत जमेल. सगळे तिला सांगतात, आधी एका सुईचं घरगुती मशीन घे, चाललं तर पुढे मोठं बघ. मला हे अजिबात पटत नाही.

एका सुईच्या मशीनवर रंग बदलला की मशीन थांबतं आणि दोरा आपण ओवायचा. सहा रंगांचा मोर काढायचा तर बाई मशीनपासून हलूच शकत नाही. 12 किंवा 15 सुयांच्या सिंगल हेडला (एका वेळी एकच नग काढणारं कमर्शियल मशीन) रंग आधीच लावून ठेवायचे. ते सुई बदलतं, दोराही कापतं, तोवर पुढची फ्रेम, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, लावून होते. शिवाय फ्रेमचा आकार बघा. उषा जनोम मेमरी क्राफ्ट 450ई ची मोठी फ्रेम 200 × 280 मिमी. मोठ्या गळ्याच्या ब्लाउजची पाठ त्यात एका दमात बसत नाही. कापड काढून पुन्हा लावलं की नक्षीचा सांधा सरकलाच. आणि शिवलेला शर्ट, टोपी, पिशवी या सपाट मशीनवर घालणार कशी? कमर्शियल मशीनला त्यासाठी मोकळा हात असतो, म्हणजे शिवलेला कपडा चढवता येईल असा खालून सुटा दांडा.

फॉलबिडिंग (नाशिक)
असहमत. मोकळ्या हाताचं फार कौतुक होतं. आपल्याकडे ब्लाउजवर काम शिवण्याआधी होतं, कापडावर मार्किंग करून. खिशावरचा लोगोसुद्धा कारखान्यात खिसा लावण्याआधीच काढतात. मग त्या हाताचे पैसे कशाला? टोप्या येतील तेव्हा येतील. सहा महिने गिऱ्हाईक घ्या आणि मोठं काम जॉबवर्कला बाहेर द्या. हप्ता नाही, त्यामुळे झोप लागते. फ्रेमचा मुद्दा मात्र मान्य.

हिशेबनीस
सोलापूर म्हटलं की युनिफॉर्म आलेच, म्हणून थोडा हिशेब. शाळेचा लोगो समजा 7,000 टाक्यांचा. मशीनच्या पाटीवर 1,000 किंवा 1,200 टाके मिनिटाला असं लिहिलेलं असलं, तरी नीट काम हवं तर 700 धरा. झाले दहा मिनिटं. फ्रेम बदलणं, दोरा तुटणं धरून तेरा. आठ तासांत 36-37 नग. 400 शर्टांची ऑर्डर म्हणजे अकरा दिवस मशीन अडकलं. शेजारचा सहा हेडवाला (एका वेळी सहा नग काढणारा) तेच दोन दिवसांत देतो आणि दरही पाडतो. सिंगल हेड घेऊन शाळांच्या मागे लागणं म्हणजे मोपेडवरून ऊस वाहणं.

काठपदर
शाळा कोण म्हणतंय? ढोलताशा पथकाचे तीस कुर्ते, हॉटेलच्या पोरांचे शर्ट, डॉक्टरांच्या कोटावरची नावं. असली कामं सहा हेडवाला हातात घेत नाही. आणि @फॉलबिडिंग, ही शिवून तयार आलेलीच असतात. कोटाचा खिसा उसवून मशीनला लावायचा का?

भाऊसाहेब_इचलकरंजी
पाच लाखांत नवं सिंगल हेड घेण्यापेक्षा सुरतेहून जुनं मल्टीहेड उचला. तिथे कारखाने मशीन बदलतच असतात. कोट-बिट विसरा, भावात टिकायचं तर हेडं हवीत.

हिशेबनीस
भाऊसाहेब, घरच्या खोलीत? त्याचं वजन टनात असतं. जुनं घ्यायचंच तर जुनं सिंगल हेड बघा: एकूण टाक्यांचा मीटर, हुकची (वरचा दोरा पकडून टाका घालणारा भाग) झीज, दोऱ्याचा कटर चालतो का. आणि त्या कंट्रोल पॅनेलचं कार्ड (सर्किट बोर्ड) अजून बाजारात मिळतं का हे सगळ्यात आधी. कार्ड गेलं आणि मिळालं नाही तर उरतं ते भंगार.

पंचिंगवाली
मशीनवरून एवढं भांडताय, पण पंचिंग, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणं, कोण करणार? मी तेच काम करते म्हणून विचारतेय. फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून एका क्लिकवर बनवलेली फाइल महागड्या मशीनवरही कापड गोळा करते. खालचा आधाराचा टाका, टाक्यांतलं अंतर, कापड किती ओढलं जाईल, हे माणसानेच ठरवावं लागतं. कमर्शियल मशीनं बहुधा डीएसटी नावाच्या प्रकारची फाइल घेतात आणि तिच्यात रंग नसतात, फक्त रंग बदलायचा थांबा असतो. कुठल्या सुईला कुठला रंग हे पॅनेलवर नेमायचं. नवशिक्याचा पहिला हिरवा मोर गुलाबी होतो तो इथेच.

जरीचं तर वेगळंच. पैठणीच्या ब्लाउजला जरीचा दोरा हवाच आणि तो पळवला की तुटतो. मोठ्या नेढ्याची सुई, वेग 500-600. साठ हजार टाक्यांची पाठ-बाही म्हणजे दोन तास सहज. भाव ठरवताना हे धरा, नाहीतर कष्टच दिसतील. माझं मत सिंगल हेडलाच, पण डेमोला विक्रेत्याची डिझाइन बघू नका. त्याची सुती कापडावर घोटलेली असते. आपलं रेशमी कापड, पातळ टी-शर्ट, जरीचं रीळ आणि पाच मिलिमीटर उंचीच्या देवनागरी अक्षरांची फाइल घेऊन जा. जोडाक्षरं भरून आली की कळेलच.

ग्रामोद्योग
मुद्राच्या आधी पीएमईजीपी (नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) बघा. महिलांना प्रकल्प खर्चाच्या शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 5 टक्के. मात्र योजना नव्या उद्योगालाच आहे, त्यामुळे मशीन आधी आणि अर्ज नंतर असं करू नका. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं.

फॉलबिडिंग (नाशिक)
म्हणजे तीन वर्षं धंदा टिकवायचा. मी तेच म्हणत होते, आधी गिऱ्हाईक. बरं, घेताच आहात तर दुरुस्तीला माणूस सोलापुरातून येणार की पुण्याहून हे विचारलंत का? लग्नसराईत मशीनचं टायमिंग (सुई आणि हुकचा मेळ) बिघडलं तर पुण्याची वाट बघणार कोण?

काठपदर
विचारलं. एकाचा माणूस सोलापुरातच आहे, दुसरा "व्हिडिओ कॉलवर सांगू" म्हणतो. दुसरा स्वस्त आहे, पण बाद.

पंचिंगवाली
छान. टोपीची फ्रेम त्याच किमतीत आहे का, तेही कोटेशनवर लिहून घ्या. बऱ्याचदा वेगळी लावतात.