वाद्य कंपनीचा करार: साथीदाराने सही करावी का?

पेटीवाला, म्हार्दोळ
ओळखीतल्या एका तरुण साथीदाराला हार्मोनियम बनवणाऱ्या कंपनीचा करार आला आहे. स्केलचेंजर पेटी (पट्ट्या सरकवून पट्टी म्हणजे स्केल बदलता येते ती) 40 टक्के सवलतीत, 2 वर्षे जाहीर कार्यक्रमात फक्त त्यांचीच पेटी, दर महिन्याला एक रील, आणि शिष्यांना खरेदीसाठी ‘योग्य मार्गदर्शन’. रोख रक्कम काहीच नाही. माझे मत: सही करू नये.

पहिल्या तीन अटी एकवेळ चालतील, चौथी मला सलते. आपल्याकडे मुलाला पेटी घ्यायची तर आईवडील मास्तरांना विचारतात. मास्तर म्हणाले ‘ही घ्या’, की विषय संपला. नवशिक्या मुलाला खर्ज आणि नर अशा दोन सूरसंचांची साधी पेटी पुरते. स्केलचेंजर जड, महाग, आणि बिघडला तर दुरुस्ती किचकट. करारात अडकलेला मास्तर ‘साधी घ्या’ असे तोंड उघडून म्हणू शकेल का? सवलत मास्तरांना मिळते आणि ती भरून निघते पालकांच्या खिशातून.

ड्रमर, कळंगुट
काका, सगळ्या वाद्यांना एकाच मापाने मोजू नका. चांगली पेटी सांभाळली तर पिढीभर वाजते. आमच्या स्टिक्स सतत मोडतात, ड्रमवरचे हेड म्हणजे पडदा बदलावा लागतो, सिंबलला म्हणजे धातूच्या झांजेला चीर गेली की ती भंगारात. पावसाळ्यात हॉटेलांची कामे आटतात, खर्च मात्र थांबत नाही. मला सिंबलवर सवलत मिळते म्हणून हात चालू आहे. झिल्जान, साबियन या सिंबल कंपन्यांच्या करारबद्ध वादकांच्या यादीत जगातले नामवंत ड्रमर आहेत, त्यांना कोणी विकाऊ म्हणत नाही.

फक्त करार नीट वाचावा. हॉटेलात ड्रमसेट हॉटेलचाच असतो, म्हणून ‘जागेवर असेल तो सेट वाजवण्यास मोकळीक’ ही ओळ मी लिहून घेतली. मागितली, मिळाली.

पेटीवाला, म्हार्दोळ
तुझे सिंबल ऐकून हॉटेलातला पाहुणा दुकानात धावत नाही, आणि सिंबल घ्यावे की नाही हे तू कुणाच्या मुलाला सांगत नाहीस. माझा आक्षेप शिकवणाऱ्यावर आहे.

मोकळीक मात्र पेटीवाल्यालाही हवीच. देवळात बहुतेकदा देवस्थानची पेटी असते. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या ठिकाणी अखंड भजन चालते, एक पथक उठले की दुसरे बसते. तिथे पुढ्यात येईल त्या पेटीवर हात ठेवायचा. तिथला व्हिडिओ कोणी टाकला, तर करार मोडला म्हणायचे का?

साथीदार, सावर्डे
काका, तो मीच. नाव घातले नाहीत, आभार. पण आता माझेही ऐका.

तुम्हाला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते. माझे घर पाकिटावर चालते, आणि पाकिटात काय असेल ते कार्यक्रम संपेपर्यंत कळत नाही. गायकाचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत, साथीदार ‘आणि इतर’. गेल्या पावसात माझ्या पेटीच्या पट्ट्या फुगल्या, गंधार दाबला की वर येईना. भर भजनात बोटाने उचलून वाजवत होतो. नवी घ्यायला पैसे नव्हते. ही कंपनी पहिली, जिने माझे वादन ऐकून, माझे नाव घेऊन फोन केला. तुम्ही म्हणता नको म्हण. मग पेटी कोण देणार?

हिशेबनीस, मडगाव
भांडण चालू द्या, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. वाद्य फुकट मिळाले आणि कायमचे ठेवले, तर तो लाभ धरला जातो. 1 जुलै 2022 पासून वर्षात 20,000 रुपयांवरच्या अशा लाभावर 10 टक्के टीडीएसची तरतूद आली. कार्यक्रमानंतर परत केले तर प्रश्न नाही. दुसरे, रीलवर ‘जाहिरात’ असे दिसेल असे लिहायचे. जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे फुकट वस्तूलाही लागू आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीचा माणूस हे सांगतोच असे नाही.

घुमटवाला, वाळपई
आमच्याकडे कोणी करार घेऊन येत नाही! 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडे चढवलेल्या आमच्या वाद्याला, वारसा वाद्याचा मान दिला. घोरपडीच्या कातड्यावर बंदी, म्हणून आता बकऱ्याचे चढते. मडके घडवणारा कुंभार आणि कातडे चढवणारा कारागीर यांचे नाव चतुर्थीच्या आरतीत कोण घेतो? मी प्रत्येक व्हिडिओखाली लिहितो. कोणी पैसे देत नाही, तरी लिहितो.

पेटीवाला, म्हार्दोळ
सावर्डेकरा, पेटीची गरज मी नाकारत नाही. पट्ट्या फुगल्या तेव्हा मला फोन करायचा होतास, माझी दुसरी पेटी घरी पडून आहे. उद्याच घेऊन जा. आणि कंपनीला लिही की चौथी अट गाळा, बाकी सगळे मान्य. तेवढे केलेस तर मी स्वतः साक्षीदार म्हणून सही करीन.

साथीदार, सावर्डे
पेटी न्यायला येतो, काका. पत्र आज रात्रीच पाठवतो. पण खरे सांगतो, त्यांनी ती अट गाळली नाही तरी मी सही करणार. शिष्याला साधी पेटी घ्यायला सांगायची की नाही, ते माझ्यावर सोडा.