नैनिताल की भीमताल? दोन लहानग्यांना घेऊन आठवडाभर राहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत नैनितालला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, अडीच वर्षांची लेक, नणंद, तिचे यजमान, त्यांचा सव्वा वर्षाचा मुलगा आणि सासूबाई असा गोतावळा आहे. पुण्याहून निघणार. ज्या ज्या टूरवाल्यांशी बोलले ते नैनिताल, रानीखेत, कौसानी, कॉर्बेट अशी सगळी माळच गळ्यात मारतात. आम्हाला ते नकोय. एकाच जागी मुक्काम टाकायचा, मुलांच्या झोपेच्या वेळा सांभाळायच्या आणि रोज थोडा वेळ तळ्याकाठी बसायचं, एवढीच इच्छा आहे.

लेकीला पाणी फार आवडतं. खडकवासल्याला गेलो की ती काठावर बसून एकेक खडा निवडते, आधी फ्रॉकला पुसते, मग पाण्यात टाकते आणि "गेला" म्हणते. तासभर तेवढंच चालतं. तिला डोंगरातलं मोठं तळं दाखवायचं फार मनात आहे. पण नैनितालचे फोटो पाहिले की काळजीही वाटते. काठाला लागूनच रस्ता, रस्त्यावर ही गर्दी, हॉटेलं वर डोंगरात. सासूबाईंना चार पायऱ्या चढल्या तरी गुडघे धरावे लागतात. भाच्याची छाती थंड हवेत लगेच भरते, त्यामुळे डॉक्टर जवळ हवेत.

तर राहायचं नैनितालमध्येच, की भीमतालच्या बाजूला? दिल्लीपर्यंत विमानाने जाऊ, पुढे रात्रीची गाडी बरी की सकाळची? घाटात मुलांना उलट्या होऊ नयेत म्हणून काय करता? लहान मुलं घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसतं "मस्त आहे, जाऊन या" नको, खरोखर ठरवायचंय.

पंतनगरवासी:

मी पंतनगरला राहते. माहेरची माणसं आली की तळ्यांचा फेरा होतोच, म्हणून लिहिते. मुक्काम भीमताल किंवा त्याच्या शेजारच्या नौकुचियाताल या तळ्याकाठी करा आणि नैनितालला एक दिवस जाऊन या.

नैनितालची वस्ती तळ्याभोवतीच्या डोंगरांवर चढत गेलेली आहे. सपाट जागा म्हणाल तर तळ्याकाठचा मॉल रोड आणि मल्लीतालचं (तळ्याच्या वरच्या टोकाची वस्ती) फ्लॅट्सचं मैदान. ते मैदानसुद्धा १८८० च्या सप्टेंबरात कोसळलेल्या मोठ्या दरडीच्या ढिगाऱ्याने वाढलेलं आहे. तळं दिसणारी खोली हवी असेल तर बहुतेक वेळा मॉल रोडवरून वर चढावंच लागतं. कुठेही बुकिंग करण्याआधी फोन करून विचारा, गाडी दारापर्यंत येते का आणि तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती. सीझनमध्ये संध्याकाळी मॉल रोड गाड्यांना बंद करतात. फार गर्दी झाली की बाहेरच्या गाड्या गावाबाहेर, रूसी बायपास किंवा नारायणनगरला थांबवून शटलने आत सोडतात. कडेवर झोपलेलं मूल, हातात बॅगा आणि सोबत सासूबाई असताना ते नको वाटतं.

भीमतालचं तळं नैनीपेक्षा मोठं आहे आणि भोवती मोकळीक आहे. उंची १,३७० मीटर, नैनिताल १,९०० च्या वर. त्यामुळे रात्रीचा गारवा जरा सौम्य, भाच्याला तेच बरं. काठगोदामहून (घाटाखालचं शेवटचं रेल्वे स्थानक) रानीबागेच्या पुढे भीमतालचा रस्ता वेगळा फुटतो, घाटही नैनितालपेक्षा छोटा. तळ्यातल्या बेटावर मत्स्यालय आहे, नावेने जाता येतं. मुलं रमतात.

नैनितालला जाल तो दिवस शनिवार-रविवार नको आणि सकाळी लवकर निघा. वाटेत भवालीला कैंची धामला (नीम करोली बाबांचा आश्रम) जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. १५ जूनच्या मेळ्याच्या आसपास तर त्या बाजूला फिरकूच नका. मॉल रोडच्या समोरच्या काठाने ठंडी सडक जाते, तल्लीतालपासून, म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकापासून, नैनादेवीच्या देवळापर्यंत. झाडांची सावली असते, गाड्या नसतात. मुलांना घेऊन चालायला तिच्याइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. प्राणिसंग्रहालयाचा चढ खडा आहे, वर न्यायला गाडी मिळते. सोमवारी ते बंद असतं.

डॉक्टरांचं म्हणाल तर मल्लीतालला बी. डी. पांडे रुग्णालय आहे. मोठं काही झालं तर पायथ्याच्या हल्द्वानी शहरात उतरायचं, तिथे सुशीला तिवारी रुग्णालय आहे. भीमतालहून हल्द्वानी जवळ पडतं, हाही मुद्दा लक्षात घ्या.

एक अगदी मनापासून सांगते. भीमताल-नौकुचियातालच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. अंधार पडला की मुलांना रिसॉर्टच्या आवारातसुद्धा एकटं सोडू नका. दिवसा माकडं असतात, मुलाच्या हातात उघडा बिस्किटचा पुडा देऊ नका.

आणि मे महिनाच हवा का? उन्हाळ्यात इथे जंगलं पेटतात. २०२४ च्या एप्रिलअखेरीस तर हवाई दलाची हेलिकॉप्टरं भीमतालमधून पाणी उचलून आगीवर टाकत होती. दरवर्षी एवढं होतं असं नाही, पण धुराने हवा कोंदते आणि छाती भरणाऱ्या मुलाला ते सोसत नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागतो, मग दरडींची भीती. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर आकाश स्वच्छ असतं आणि नैनितालच्या स्नो व्ह्यू या उंच ठिकाणावरून हिमशिखरं दिसण्याची शक्यता मेपेक्षा कितीतरी जास्त. गर्दीही कमी. रात्री थंडी असते, लोकरीचे कपडे आणि खोलीत हीटर लागेल.

घाटमाथा:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. गाडीबद्दल माझं मत. जुन्या दिल्लीहून रात्री सुटणारी रानीखेत एक्स्प्रेस पहाटे पाचच्या सुमारास काठगोदामला पोचवते. मोठ्यांना सोयीची, पण त्या वेळी मुलांना उठवायचं आणि रिकाम्या पोटी घाट चढायचा, हे जमवणं कठीण. आम्ही दिल्लीत रात्र काढून सकाळची शताब्दी घेतली. दुपारी बाराच्या आत काठगोदाम. तिथे मुलांना वरण-भात भरवला, जरा खेळू दिलं आणि मग टॅक्सी केली. जेवण आणि घाट यांत थोडं अंतर ठेवा. ड्रायव्हरला आधीच सांगा की हळू चालवा आणि सांगू तिथे थांबा. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या, त्यातली काही दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

नैनी तलावात मोटरबोट नाही, वल्ह्याच्या आणि पायडलच्या नावा आहेत. मोठ्यांचं लाइफ जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं मिळालं नाही तर नावेत बसू नका, काठावरूनही तळं तेवढंच सुंदर दिसतं. शक्य असेल तर पुण्याहूनच घेऊन जा.

धागाकर्ती:

दोघांचेही खूप आभार. एवढं तपशिलात कुणीच सांगितलं नव्हतं. आगीचं वाचून नणंदेशी लगेच बोलले. ती शाळेत शिकवते, त्यामुळे मे नाहीतर दिवाळी एवढेच पर्याय होते. भाच्याचा विचार करून दिवाळीवर एकमत झालंय. मुक्काम भीमताललाच. शताब्दीचंही पटलं, सासूबाईंनाही पहाटेची धावपळ नको आहे.

आता एवढंच सांगा, तिथे मुलांच्या दुधाचं आणि साध्या जेवणाचं कसं? भाचा अजून नाचणीची खीर आणि मऊ खिचडीच खातो.

पंतनगरवासी:

आंचल हा इथला सहकारी दूधसंघाचा ब्रँड, पिशवीचं दूध सहज मिळतं. नाचणी इथल्या कुमाऊँ भागात घरोघरी खातात, तिला मडुवा म्हणतात, दुकानात मडुव्याचं पीठ मागा. पण बाळाच्या सवयीचं सत्त्व घरूनच आणा, नव्या जागी पोटाला नवं काही नको. खोलीत किटली आहे का ते विचारा, नसेल तर छोटा विजेचा कुकर सोबत ठेवा. होमस्टेमध्ये उतरलात तर स्वयंपाकघरातून खिचडी करून देतात, फक्त "मिर्च बिल्कुल नहीं" हे रोज नव्याने सांगावं लागतं. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, काठगोदामच्या टॅक्सीचं त्या वेळचं भाडं विचारून कळवते.