सिग्नलला डी की एन? आधी गिअरबॉक्स कोणता ते बघा

ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला डीमध्ये (ड्राइव्ह) ठेवावी की दरवेळी एनमध्ये (न्यूट्रल) टाकावी, असा प्रश्न आहे. एएमटीत (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः हाताळते) ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबली की क्लच आपोआप सुटलेला असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटासाठी एनची गरज नाही. क्लच जळतो तो वेगळ्याच सवयीने: चढावर ब्रेक सोडून नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली की. तिथे हँडब्रेक ओढा आणि सुटताना गाडी पुढे ओढायला लागली की मगच सोडा. ड्राय क्लचच्या डीसीटीलाही (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; ड्राय म्हणजे क्लच तेलात नसलेला) हेच लागू. शिवाय फूट-फूट सरकत राहू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सुटा, म्हणजे क्लच पूर्ण धरतो. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

एएमटी २०-२५ च्या वेगात दुसरा-तिसरा-दुसरा गिअर करत झटके देत असेल तर मॅन्युअल मोडला घेऊन दुसऱ्या गिअरवर ठेवा. थांबताना पहिला गिअर गिअरबॉक्स स्वतःच घेतो.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा) असेल तर गाडी डीमध्येच ठेवा, लांबलचक सिग्नल असेल तर एन आणि हँडब्रेक. पी (पार्क) मात्र नको: मागून कुणी धडकलं तर धक्का गिअरबॉक्समधल्या छोट्याशा पार्किंगच्या खिट्टीवर येतो.