साडेदहाला येऊ द्या, पण रोज साडेदहालाच

निशाचर
एडीएचडीबद्दल (लक्ष टिकवणं अवघड जातं तो मेंदूचा विकार) काल इथे एकाने लिहिलं : "एडीएचडीवाल्यांना फ्लेक्सी टायमिंग द्या, विषय संपला. झोप येत नसेल तर रात्री मोबाइल बाजूला ठेवा." दोन्ही वाक्यं चूक, म्हणून हा धागा.
एडीएचडी असलेल्या बऱ्याच प्रौढांचं शरीराचं घड्याळच मागे असतं. संध्याकाळी मेलाटोनिन (झोपेची वेळ सांगणारं हार्मोन) चढायला लागतं तेच साधारण दीड तास उशिरा. अकराला आडवं होऊन छताकडे बघत राहणं हा बेशिस्तपणा नव्हे. आणि मोकळी फ्लेक्सी तर घातकच. आज साडेनऊ, उद्या बारा, की घड्याळ आणखी घसरलं. उशिराची पण ठरलेली वेळ द्या : रोज साडेदहा, साडेअकराच्या आत मीटिंग नाही.

तर्कटराव
म्हणजे नऊला येणाऱ्यांनी क्लायंटचे फोन झेलायचे? याला सपोर्ट म्हणत नाहीत. दहा मिलिग्रॅम मेलाटोनिन घ्या नि झोपा.

चौकस
दहा?! अहो, घड्याळ अलीकडे ओढायला अर्धा मिलिग्रॅमही पुरतो, पण तो झोपायच्या वेळी नाही, नेहमी झोप लागते त्याच्या चार-पाच तास आधी, आणि डॉक्टरांशी बोलून. मोठा डोस झोपताना घेतला की तो सकाळपर्यंत रेंगाळतो. मग नऊच्या मीटिंगला माणूस येतो, डोकं नाही.

लोलक
गोळ्या कशाला? दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा, पहाटे सहाला, अर्धा तास.

चौकस
सहाला लावलात तर वाट लागेल. आपोआप जाग येते त्याच्या दोनेक तास आधी शरीराचं तापमान तळाला असतं. त्या तळाच्या आधी उजेड पडला तर घड्याळ उलट आणखी मागे जातं. दहाला जाग येणाऱ्याने दिवा साडेनऊ-दहाला लावायचा, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे.

तर्कटराव
धागा ऑफिसचा होता ना? आणि एडीएचडीच्या गोळ्याच झोप उडवतात, ते कुणी बोलत नाही.

निशाचर
उडवतात, मान्य. लांब पल्ल्याच्या मिथिलफेनिडेटचा (एडीएचडीचं नेहमीचं औषध) असर आठ ते बारा तास. सकाळी सातची गोळी विसरून दुपारी घेतली की रात्र गेली. (विसरू नका म्हणाल. विसरणं हाच तर आजार!) त्यात चारच्या मीटिंगमधली कॉफी : तिचं निम्मं कॅफीन रात्री नऊलाही अंगात असतं.

लोलक
आणि घोरणं? स्लीप अॅप्नियानेही (झोपेत श्वास अडकणं) लक्ष उडतं. पाय वळवळत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाचा विचार करतात. सगळं एडीएचडीच्या खात्यावर टाकू नका.

तर्कटराव
लोलक पहिल्यांदाच कामाचं बोलले. पण माझे फोन तसेच वाजताहेत.

निशाचर
वाटून घ्या. नऊ ते अकरा लवकर येणाऱ्यांनी, पाच ते सात उशिरा येणाऱ्यांनी. रात्री सुचलेले मेसेज शेड्यूल करून सकाळी पाठवा. फिरती शिफ्ट शक्यतो नकोच. फिरवायचीच तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने. उलट फिरवलीत तर दर वेळी लवकर झोपावं लागतं, आणि यांना नेमकं तेच जमत नाही.

तर्कटराव
पाच ते सात ते घेणार असतील तर येऊ द्या साडेदहाला. पावणेअकराला आले की धागा मी वर काढीन.